पुढच्याने पाहावे

पायाने चालवायचे एक शिवणयंत्र. त्याचा पट्टा करकरतो.

बिस्किटांचा पत्र्याचा डबा. आत बिस्किटे नाहीत, एक वही आहे.

एकाच कुलपाच्या तीन किल्ल्या.

सहा वर्षांच्या मुलीचा सुजलेला गाल.

भिंतीला टेकून उभी केलेली खाट.

रबरी तळव्यांचे निळे कापडी बूट. नऊ वर्षांपूर्वी घेतलेले. तळवे कोरे.

मित्रांनो, या सगळ्यांचा एकमेकांशी काय संबंध, असे तुम्ही विचाराल. संबंध एवढाच, की हे सगळे माझ्या पोटात तरी आहे, नाहीतर आठवणीत. मी शिडाची होडी. सध्या एका शेडच्या मागे दोन ठोकळ्यांवर पालथी पडलेली असते. पालथ्या होडीला आकाश दिसत नाही, पाणी दिसत नाही. तिला स्वतःचे पोटच तेवढे दिसते. मग आत साठलेले कोणाला तरी सांगितल्याशिवाय तिला करमत नाही.

मला एका म्हाताऱ्या सुताराने बनवले. त्याला डाव्या कानाने ऐकू येत नसे, म्हणून तो माझी प्रत्येक फळी उजव्या कानाशी धरायचा आणि बोटाच्या पेराने ठोकायचा. आवाज पसंत पडला नाही, की फळी बाजूला. त्याची बायको म्हणायची, "माझं एक ऐकत नाही, आणि लाकडाचं मात्र बसून ऐकतो!"

"तू रोज सांगतेस गं," तो म्हणायचा. "लाकूड एकदाच सांगतं."

फळ्यांच्या फटींत त्याने तेलात भिजवलेला सुताचा पीळ ठोकून ठोकून बसवला, वर राळ ओतली, आणि तीन हात रंग दिला. पण ज्याने मला बनवायला सांगितले होते, त्याची दुसऱ्या गावी बदली झाली. तो आलाच नाही. दोन वर्षे मी शेडमध्ये उभी होते. डोलकाठी होती, शीड नव्हते.

धक्क्यावर एक बाक आहे. माझे नशीब त्या बाकावर ठरले.

तिथे तिघे बसले होते. गणिताचे मास्तर, दातांच्या डॉक्टरबाई आणि बेकरीवाले. तिघे दर रविवारी मामाकडून तासाच्या हिशेबाने होडी भाड्याने घेत. मामा म्हणजे कोणाचाच सख्खा मामा नव्हे. धक्क्यावर त्याच्या भाड्याच्या चार होड्या होत्या आणि गावभर त्याला मामा म्हणत.

"मामाची होडी घेतली की डोक्यावर घड्याळ आलंच," बेकरीवाले म्हणाले. "मागच्या रविवारी वारा पडला. मी मध्येच अडकलो, आणि हा धक्क्यावर उभा राहून मला मनगट दाखवतोय! वारा काय मी भट्टीतून काढून आणू?"

"मग विकत घ्या एखादी," मास्तर म्हणाले.

"एकट्यानं? आणि बसू कधी तिच्यात? पहाटे तीनला माझं पीठ सुरू होतं. एक रविवार मिळतो, त्यात बायको म्हणते, घरी जरा तोंड दाखवा."

"एकटीनं घ्यायची माझी पण हिंमत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्या कंत्राटदाराची पांढरी होडी बघा ना. वर्षातून चारदा सुटते. बाकी नुसती बांधलेली."

मास्तरांच्या खिशात खडू कायम असे. त्यांनी बाकाच्या फळीवरच तीन रकाने आखले. "तिघांत घेऊ. एक आठवडा एकाचा. हे वेळापत्रक."

"परीक्षा पण घेणार का, मास्तर?"

"घेणार. नापास होईल त्यानं होडी धुवायची."

तिघे हसले. दोन दिवसांनी ते शेडमध्ये आले आणि मी त्यांची झाले. मला केवढा आनंद झाला! पांढऱ्या होडीला एका माणसाची माया. मला तिघांची मिळणार, म्हणजे तिप्पट. मास्तरांच्या शेजारी इतकी वर्षे राहूनही माझे गणित कच्चेच राहिले, ते असे.

सुताराने माझ्या साखळीच्या कुलपाच्या तीन किल्ल्या देताना बजावले, "वर्षातून एकदा हिला बाहेर काढून ठोका. एकेक फळी. कुठली मऊ बोलते ते कळेल. मऊ बोलली की बदला."

तिघांनी मान डोलावली. तीन माना एकदम डोलल्या की सुताराला बरे वाटते. मलाही वाटले.

शीड शिवायला मास्तरांच्या थोरल्या बहिणीकडे दिले. तिला सगळेच ताई म्हणत. ताई शाळेचे गणवेश शिवायच्या आणि एका खोलीत एकट्या राहायच्या. खोलीत खिडकीशी यंत्र, खिडकीत समुद्र, समुद्रातल्या खडकावर दीपस्तंभ. कापड एवढे मोठे, की ते पसरायला खाट भिंतीला उभी करावी लागली. बावीस दिवस ताई जमिनीवर, शिडाच्या घडीवरच झोपल्या. मित्रांनो, होडीचे अंग एकीकडे आणि शीड दुसरीकडे असले, तरी होडी एकच असते. मी धक्क्यावर होते तशी ताईंच्या खोलीतही होते. तिथले बोलणे मला ठाऊक आहे ते त्यामुळे.

तेविसाव्या दिवशी तिघे शीड न्यायला आले.

"ताई, शिलाई किती झाली?" डॉक्टरबाईंनी विचारले.

"शाळेची चड्डी आहे का ती, शिलाई सांगायला?" ताई म्हणाल्या. "पैसे नकोत मला. मला एकदा त्या दीपस्तंभापर्यंत न्या."

"एवढंच?"

"एवढंच कसं? तीस वर्षं झाली, तो लागला की मी मशीन बंद करते. जगात दुसऱ्या कोणाचं ऐकलं नाही मी, हा भाऊ साक्षीला आहे. त्याचं ऐकते. एकदा जाऊन भेटायला नको? त्याला दार आहे का, कुठल्या रंगाचं आहे, ते बघायचंय मला."

"नेऊ की!" तिघे एकदम म्हणाले.

इथे जरा थांबा. एकानेच 'नेतो' म्हटले असते, तर ते ओझे त्याच्या अंगावर पडले असते. तिघांनी म्हटले, आणि ते तिघांच्या मधल्या रिकाम्या जागेत पडले.

ताईंनी त्याच आठवड्यात बूट घेतले. ओल्या फळीवर पाय घसरू नये म्हणून रबरी तळव्यांचे. यंत्राखाली ठेवून दिले.

पहिले वर्ष फार चांगले गेले. मास्तरांनी दोघांना शीड फिरवायला शिकवले. चुकले की ते म्हणत, "पुन्हा." बेकरीवाले गरम पाव घेऊन यायचे आणि माझ्या तळाला चुरा सांडायचा, मागे मागे मासे यायचे. डॉक्टरबाई एकट्याच निघायच्या आणि दिवसभर कोणाच्याही तोंडात न पाहता परत यायच्या. मामासुद्धा एकदा हनुवटी वर करून बघत राहिला. म्हणाला, "शीड कोणी शिवलंय हो? बाईचा हात आहे. टाका हलत नाही."

वहीची कल्पना मास्तरांची. बेकरीवाल्यांनी बिस्किटांचा रिकामा डबा दिला, वही त्यात राहू लागली. पहिल्या पानावर मास्तरांच्या सुंदर अक्षरात नियम होता: 'होडीत काही बिघाड आढळल्यास नोंद करावी. स्वतःला शक्य नसल्यास पुढच्याने पाहावे.'

या नियमातले शेवटचे दोन शब्द तिघांनाही फार आवडले.

मास्तर: वारा उत्तम. शिडाची तिसरी कडी सैल. पुढच्याने पाहावे.

डॉक्टरबाई: कडी खरेच सैल आहे. पुढच्याने पाहावे.

बेकरीवाले: कडी निघाली. जपून ठेवली आहे, कुठे ते आठवत नाही. बाकी मजा आली.

मास्तर: ताईला न्यायचे राहिले आहे. सध्या उत्तरपत्रिका. पुढच्याने पाहावे.

डॉक्टरबाई: पाहुणे होते. कडीचे आणि ताईंचे पुढच्याने पाहावे.

बेकरीवाले: वारा फार. ताई घाबरतील म्हणून विचारले नाही. पुढच्याने पाहावे.

मास्तर: बांधायचा दोर एका जागी झिजला आहे. पुढच्याने पाहावे.

डॉक्टरबाई: येत्या रविवारी मी ताईंना नेते. नक्की.

शेवटच्या पानावरची ही शेवटची ओळ. त्यापुढे वहीत जागा नव्हती.

त्या रविवारी ताई सकाळी आठलाच आल्या. बूट हातात धरून आल्या, धक्क्याच्या पायरीवर बसून घातले आणि मामाचा हात धरून माझ्यात उतरल्या. मधल्या फळीवर अंग चोरून बसल्या, जशी माणसे परक्या घरी बसतात. मी हलले की त्यांना हसू यायचे.

साडेआठला डॉक्टरबाई धावत आल्या. मागे एक बाप, त्याच्या कडेवर सहा वर्षांची मुलगी. मुलीचा गाल टम्म सुजलेला.

"ताई, बघा हो हे. रात्रभर रडतेय ती. दवाखाना उघडावाच लागेल."

"अगं मग उभी काय राहिलीस? जा!" ताई म्हणाल्या. "लेकराचा दात दुखतोय. दीपस्तंभ काय पळून जातोय?"

"पुढच्या वेळी नक्की."

"हो गं, जा तू."

ताई लगेच उठल्या नाहीत. मी धक्क्याला बांधलेली, शीड गुंडाळलेले, आणि त्या माझ्यात तासभर बसून राहिल्या. एकदा वाकून त्यांनी पाण्यात बोटे घातली. मग काहीतरी पायाला लागले म्हणून तळाची फळी उचलून पाहिली, तर खाली कडी. त्यांनी पर्समधून सुई काढली, दोरा दाताने तोडला आणि कडी शिडाला शिवून टाकली. निघताना पायरीवर बसून बूट काढले, तळवे पदराने पुसले आणि हातात घेऊन घरी गेल्या.

सोमवारी मास्तरांनी नवी वही आणली. जुन्या वहीतली राहिलेली कामे ते एकेक करून नव्या वहीत उतरवू लागले. झिजलेला दोर. रंग. फळ्या ठोकणे. ताईंच्या ओळीवर त्यांची पेन्सिल आली. डॉक्टरबाईंनी 'नक्की' लिहिले होते, आणि रविवार होऊन गेला होता. मास्तर स्वतःशीच म्हणाले, "चला, ताईचं झालं एकदाचं." आणि ती ओळ त्यांनी सोडून दिली.

बहिणीला विचारता आले असते. पण रोज भेटणाऱ्या माणसाला काय विचारायचे?

डॉक्टरबाईंनी नव्या वहीत पाहिले, ताईंचे नाव नाही. त्यांना वाटले, भावाने नेऊन आणले. बेकरीवाल्यांना तर दोघांनीही नेल्यासारखे वाटले. आणि कडी बसलेली पाहून डॉक्टरबाईंनी लिहिले, 'कडी कोणी बसवली? धन्यवाद.' खाली बेकरीवाल्यांनी लिहिले, 'मास्तरांनीच.' मास्तरांनी ते वाचले आणि त्यांना वाटले, ही बेकरीवाल्यांची थट्टा आहे. कडी बेकरीवाल्यांनीच बसवली असणार.

मी बोलू शकत नव्हते. होडी कलते, करकरते, पाणी घेते. तिची भाषा तेवढीच.

आता शेजारच्यांचे सांगते. मामाच्या होड्यांवर मामाचे घर चालत असे, म्हणून तो रोज संध्याकाळी चारही होड्यांच्या तळाला हात लावून बघायचा. आणि त्या कंत्राटदाराला मी मनातल्या मनात फार हसले होते. वर्षातून चारदा फिरणारा माणूस! पण तो दर शनिवारी यायचा, पांढरीच्या कडेवरून रुमाल फिरवायचा, तिच्याशी दोन शब्द बोलायचा आणि जायचा. माझ्याकडे दर आठवड्याला एक माणूस यायचा, मला पळवायचा, आणि पुढच्याने पाहावे असे लिहून जायचा. तिघेही भली माणसे. तिघांनाही माझा अभिमान होता. पण मला ठोकून कोणी ऐकले नाही. प्रत्येकाला वाटायचे, ऐकले असेल कोणीतरी.

हंगाम संपला की शीड डागडुजीसाठी ताईंकडे जायचे. बेकरीवाले ते पावाच्या गाडीतून न्यायचे, म्हणून वर्षातून एक महिना मला पावाचा वास यायचा. तिसऱ्या वर्षी त्यांनी शीड खाली ठेवता ठेवता विचारले, "काय ताई, कसा वाटला मग आपला दीपस्तंभ?"

ताईंनी सुईतून दोरा ओवला. "लांबून फार सुंदर दिसतो हो."

"तुमचं आपलं काहीतरीच, ताई!" बेकरीवाले हसले आणि गेले.

ताईंनी शीड यंत्रावर ओढून घेतले. मग शिडालाच म्हणाल्या, "आठवण करून दिल्यावर नेलं, तर ते नेणं कसलं?"

अशी नऊ वर्षे झाली. प्रत्येक वर्षी टाका पहिल्यासारखाच सरळ. चष्मा मात्र जाड होत गेला, आणि नवव्या वर्षी जिना चढून आल्या की ताई दाराला धरून उभ्या राहू लागल्या. तपासण्या झाल्या. शहरातल्या मोठ्या इस्पितळात हृदयाची शस्त्रक्रिया ठरली. गुरुवारी दुपारी गाडी येणार होती. बुधवारी मास्तर बॅग भरायला आले. शीड कोपऱ्यात घडी करून ठेवलेले होते.

"चपला घेऊ का बूट?" यंत्राखाली वाकत मास्तर म्हणाले. त्यांनी बूट बाहेर काढले, उलटे केले. "ताई, हे नवेच दिसतायत."

"मग. घातले कुठे?"

"होडीत घातले असशील ना. डॉक्टरबाईंनी नेलं तेव्हा."

"तेव्हा त्या पोरीचा दात दुखत होता."

"मग नंतर? बेकरीवाल्यांनी?"

ताई औषधांच्या पुड्या मोजत होत्या.

"नऊ वर्षं, ताई! एकदा तरी म्हणायचंस मला!"

"तू कामात असतोस रे," ताई म्हणाल्या. "आणि खिडकीतून दिसतोच की."

मास्तर जमिनीवरच बसले. त्यांनी बूट मांडीवर घेतले होते.

गुरुवारी सकाळी सातला तिघे धक्क्यावर होते. डॉक्टरबाई नुसत्या रडत होत्या. "मला वाटलं, तुम्ही नेलंत. सख्खी बहीण तुमची!"

"मला वाटलं, तुम्ही."

"मला वाटलं, दोघांनी," बेकरीवाले म्हणाले. "आता बोलत काय बसायचं? मामाची होडी घेऊ."

मामाच्या चारही होड्या वाळूवर पालथ्या होत्या. त्याने कालच रंग दिला होता, तो ओला होता. पांढरी कुलपात होती, कंत्राटदार परगावी. उरले मी.

मामाने मला वरून खालून पाहिले. "हिला यंदा ठोकून ऐकलंय का कोणी?"

मास्तरांनी डॉक्टरबाईंकडे पाहिले. डॉक्टरबाईंनी बेकरीवाल्यांकडे. बेकरीवाल्यांनी मास्तरांकडे.

"लांब जाऊ नका," मामा म्हणाला.

ताई उतरल्या. पायात बूट होते. डोलकाठीवर त्यांनीच शिवलेले शीड चढले, वारा भरला, आणि त्या मान वर करून एकेक टाका बघू लागल्या. "बरा शिवलाय," म्हणाल्या. मित्रांनो, त्या सकाळी मी जशी पळाले, तशी पहिल्या वर्षीही पळाले नव्हते. मी फटी आवळून धरल्या. होडीला जेवढे करता येते, तेवढे सगळे केले. पण उजव्या अंगाची, पाण्याखालची एक फळी कित्येक वर्षे मऊ बोलत होती. धक्का मागे पडला न पडला, तोच ती उघडली.

पाणी ताईंच्या बुटांपर्यंत आले. बेकरीवाल्यांनी डब्यातली वही काढून फेकली आणि डब्याने पाणी उपसायला घेतले. पाणी त्यांच्याहून वेगाने येत होते.

"फिरवा मागे," ताई म्हणाल्या. "माझ्यापायी बुडालात, तर लोकांचे दात कोण काढणार? पाव कोण भाजणार?"

"आणि मी?" सुकाणू वळवत मास्तर म्हणाले.

"तू काय, तू बुडता बुडता गणित घालशील."

मी वळले. ताई मात्र मागे वळून पाहत होत्या, डोळ्यांवर हात धरून. मग म्हणाल्या, "दार आहे रे त्याला. दिसलं मला. लाल आहे."

बेकरीवाले डब्याने पाणी उपसत राहिले. दीपस्तंभाचे दार पलीकडच्या बाजूला आहे आणि ते हिरवे आहे, हे तिघांनाही माहीत होते. तिघेही तिथे पुष्कळदा जाऊन आले होते.

दुपारी गाडी आली. ताई परत आल्या नाहीत.

त्यानंतर मला विकायचे कोणी म्हटले नाही आणि दुरुस्त करायचेही कोणी म्हटले नाही. शेवटी मामानेच मला ओढून त्याच्या शेडमागे ठेवले. शीड माझ्या पोटाखाली घडी करून ठेवले आहे. त्याच्यावर तो डबा. त्यात आता बूट आहेत. तळवे अजून कोरेच आहेत, फक्त कापडावर मिठाची पांढरी रेघ आहे.

मास्तर अधूनमधून येतात. आता निवृत्त झालेत. गुडघे टेकून बसतात, बोटाच्या पेराने माझी एकेक फळी ठोकतात आणि कान लावतात. मी सगळे सांगते. उशीर झाला असला, तरी सांगते.

मित्रांनो, मी काही तुम्हाला होड्या घ्यायला सांगत नाही. घेतलीत तर एकट्याने घ्या, भाड्याने घ्या, तिघांत घ्या. वाईट त्यातले काहीच नाही. पण तुमच्याकडेही सगळ्यांचे म्हणून काहीतरी असेलच. वर्गातला टपकणारा नळ असेल, जिन्यातला गेलेला दिवा असेल. 'कोणीतरी बघेल' असे मनात आले, की ते कोणीतरी म्हणजे आपणच, असे एकदा धरून चाला. आणि घरातल्या एखाद्या माणसाला कुठेतरी न्यायचे सगळ्यांनी कबूल केले असेल, तर 'नेलं असेल' म्हणू नका. त्याचे बूट उलटे करून पाहा.

वारा चांगला असला, तर धक्क्यापासून दीपस्तंभापर्यंत जायला चाळीस मिनिटे लागतात.